न मागता आलेले पत्र

गेल्या जुलै महिन्यातली गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही धर्मग्रामाच्या कचेरीत टपाल पाहत बसलो होतो. विजेचे बिल, शेजारच्या धर्मग्रामातून आलेली बाप्तिस्म्याच्या दाखल्याची मागणी आणि त्याखाली एक लांबट पांढरे पाकीट. पाकिटावर सुवाच्य अक्षरांत आमचे नाव, नावामागे ‘आदरणीय’ हे विशेषण. आत शहरातल्याच एका ज्येष्ठ नागरिक संघाचे छापील निवेदन व सभासदत्वाचा अर्ज होता. दर बुधवारी व्याख्यान, महिन्यातून एकदा रक्तदाब व मधुमेह तपासणी, हिवाळ्यात एक सहल, सभासदांचे वाढदिवस एकत्रितपणे साजरे करण्याची सोय. वयाची ५५ वर्षे पूर्ण केलेल्या कोणाही स्त्रीपुरुषास सभासद होता येईल, असे खाली म्हटले होते. आमचे वय अठ्ठावन्न.

पाकिटावरचे नाव आम्ही पुन्हा एकदा वाचले. पत्ता चुकला असावा अशी क्षीण आशा होती, ती फोल ठरली. मग अर्ज दुमडून केराच्या टोपलीत टाकला. दुपारी जेवणानंतर तो पुन्हा बाहेर काढला, कारण मागची बाजू कोरी होती व प्रवचनाचे टिपण करायला कागद हवा होता, असे आम्ही स्वतःला सांगितले. टिपण काही झाले नाही. अर्ज मात्र प्रार्थनाग्रंथात जाऊन बसला आणि पुढे तीन महिने तिथेच होता.

धर्मगुरूने या गोष्टीचा राग मानावा हे शोभत नाही, याची आम्हांला जाणीव आहे. राखेच्या बुधवारी लोकांच्या कपाळी राख लावताना माणूस मातीचा आहे हे आम्ही दरवर्षी शेकडो वेळा सांगतो. परंतु मातीचा असणे निराळे आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर आरोग्य तपासणीच्या रांगेत नाव नोंदविणे निराळे. त्या दिवसापासून एक प्रश्न मात्र डोक्यात राहिला. माणूस अमुक वर्षी म्हातारा झाला, हे मुळात ठरविले कोणी? इतिहासाची आवड असल्याने आम्ही थोडा शोध घेतला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी परदेशातली हकिकत. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचा मुलगा बरीच वर्षे अमेरिकेत आहे. त्याला पन्नासावे लागले त्याच सुमारास घरी एक पत्र आले, सोबत त्याच्या नावाचे सभासदत्वाचे कार्ड. त्याने रागारागाने आईला डोंबिवलीस फोन केला. आई हसली व म्हणाली, “अरे, मी अजून लोकलला उभी राहून जाते, तू कसला म्हातारा?” तिकडे हा प्रकार सर्वपरिचित आहे. पन्नाशी आली की ते पत्र यायचेच. लोक त्यावर विनोद करतात, ते फाडतात, लपवितात. ज्या संस्थेकडून ते येते ती ‘ए.ए.आर.पी.’ या नावाने ओळखली जाते. तिची स्थापना १९५८ साली एथेल पर्सी अँड्रस या निवृत्त मुख्याध्यापिकेने केली. त्याआधी १९४७ साली या बाईंनी निवृत्त शिक्षकांची संघटना काढली होती, कारण शिक्षकांना मिळणारे निवृत्तिवेतन तुटपुंजे आणि त्या वयाच्या माणसाचा आरोग्यविमा उतरवायला कोणी कंपनी तयार नाही, अशी स्थिती होती. एक वृद्ध शिक्षिका कोंबड्यांच्या खुराड्यात राहत असल्याचे त्यांनी पाहिले आणि तेथून हे कार्य सुरू झाले, असे ती संस्था सांगते. म्हणजे आज जे पत्र पन्नाशीतले सुखवस्तू लोक टोपलीत टाकतात, त्याच्या उगमाशी एका म्हाताऱ्या बाईची उपासमार आहे. ही गोष्ट कळल्यावर आमच्या रागाची धार थोडी बोथट झाली, पण राग गेला नाही.

आता बायबलकडे वळू. गणना या ग्रंथात लेवींच्या सेवेचे वय सांगितले आहे. पंचविसाव्या वर्षी त्यांनी दर्शनमंडपाच्या सेवेत यावे व पन्नासाव्या वर्षी त्या सेवेतून मोकळे व्हावे. पुढे भाऊबंदांना राखणीत हातभार लावावा, पण सेवेचे काम करू नये. वाचकांपैकी कोणी पन्नाशी ओलांडली असेल त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात या कामाचे स्वरूप दिले आहे. अरण्यातून प्रवास करताना मंडपाचे सामान, वेदी, दीपवृक्ष, कराराचा कोश हे सारे वाहून न्यायचे असे, आणि पवित्र वस्तू तर गाडीवर न घालता खांद्यावर न्यायच्या. ही मर्यादा खांद्यासाठी होती. पुढे यरुशलेमेत सर्व काही एका जागी स्थिर होणार असे ठरले तेव्हा सेवेत प्रवेशाचे वय दावीद राजाच्या काळी विसावर आणले गेले. आता मंडप वाहण्याचे काम उरलेले नाही, असे कारण इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात स्पष्ट दिले आहे. काम बदलले आणि वय बदलले. इतकी सरळ विचारसरणी आमच्या सरकारी नियमांत आम्हांला आढळली नाही.

लेवीय ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात मात्र एक हिशेब आहे, तो वाचताना मन थोडे खट्टू होते. कोणी स्वतःला देवाला वाहण्याचा नवस केला आणि त्याऐवजी पैसे द्यायचे ठरविले, तर विसापासून साठ वर्षांपर्यंतच्या पुरुषाचे मोल पन्नास शेकेल, स्त्रीचे तीस. साठ उलटले की पुरुषाचे पंधरा, स्त्रीचे दहा. साठीच्या उंबरठ्यावर पुरुषाचे मोल एका रात्रीत दोन तृतीयांशांहून अधिक घसरते! अर्थात हे माणसाच्या प्रतिष्ठेचे मोल नाही, त्याच्या श्रमाचे आहे. नवस करणारा गरीब असेल तर याजकाने त्याची ऐपत पाहून रक्कम ठरवावी, अशी सवलतही आहे. मोल ठरविणारा तो याजकच, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे आम्हांला त्याची गरज पडणार आहे.

नव्या करारात तर साठीची एक यादीच आहे. संत पौलाच्या नावे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या नोंदीविषयी सूचना आहेत. साठ वर्षांच्या आतील विधवेचे नाव यादीत घालू नये. तिने मुले वाढविलेली असावीत, पाहुण्यांचे आतिथ्य केलेले असावे, संकटात सापडलेल्यांना मदत केलेली असावी. जिला मुले-नातवंडे आहेत तिला त्यांनी सांभाळावे, म्हणजे ज्या खरोखरच एकट्या आहेत त्यांच्याकरिता ख्रिस्तसभेचे हात मोकळे राहतील. तुटपुंज्या शिधेत कोणाला आधी वाढावे, हा त्या यादीमागचा प्रश्न होता. ख्रिस्तसभेतील वृद्धांची सर्वांत जुनी सभासद-नोंदणी म्हणायची झाली तर ती ही. तीत नाव येणे म्हणजे रोजच्या भाकरीची हमी, आणि वय कमी पडले तर नाव गळणार. एफिसच्या एखाद्या सत्तावन्न वर्षांच्या विधवेला आपण साठ वर्षांची असावे असे वाटले असेल, ही कल्पना आमच्या मनात येऊन गेली.

राज्यकर्त्यांच्या हिशेबाची कथा वेगळी. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ साली वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा केला, त्याचे श्रेय त्याला सर्वत्र दिले जाते व पासष्ट हे वय त्याने ठरविले असेही पुष्कळदा छापून येते. ते बरोबर नाही. मूळ कायद्यात वय सत्तर होते. पासष्ट झाले ते १९१६ साली, महायुद्धाच्या धामधुमीत. कायदा झाला तेव्हा बिस्मार्क स्वतः चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि चॅन्सेलरपदावर होता. दोनच वर्षांनी, १८९१ साली, कामगारांच्या हक्कांविषयीचे आपले प्रसिद्ध परिपत्रक पोप तेरावे लिओ यांनी लिहिले. तेव्हा त्यांचे वय एक्याऐंशी होते. कामगारांच्या वृद्धत्वाचा विचार त्या काळी दोन म्हाताऱ्यांनीच केला.

आपल्याकडे इंग्रजी अमलात सरकारी नोकराला पंचावन्नाव्या वर्षी घरी पाठवीत. स्वातंत्र्यानंतर, १९६२ साली, केंद्र सरकारने ते वय अठ्ठावन्न केले आणि मे १९९८ मध्ये साठ. त्या छत्तीस वर्षांत माणसाच्या गुडघ्यांत असा कोणता फरक पडला होता? सरासरी आयुर्मान वाढले होते हे खरे. १९४१ ते १९५१ या दशकात ते बत्तीस वर्षांच्या आसपास होते व आज सत्तरीच्या घरात आहे. पण या आकड्याने फसू नये. बत्तीस ही सरासरी बालमृत्यूंमुळे इतकी खाली होती. जी मुले जगली त्यांतली पुष्कळ म्हातारी होऊनच गेली. आमच्या आजीने नव्वदी पाहिली, आणि तिच्या सात लेकरांपैकी तिघे पाळण्यातच गेली. तिघांची नावे ती प्रत्येक मृतांच्या दिनी घेत असे.

सरकारच्या हिशेबातली विसंगती ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्याने जवळून पाहिली. १९९८ मध्ये सरकारी नोकराला साठीपर्यंत काम करण्यास समर्थ मानले गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २००० साली, सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पंधरा वर्षांची सेवा किंवा चाळीस वर्षे वय पुरेसे होते. देशभरातून सुमारे एक लाख बँक कर्मचारी बाहेर पडले. डोंबिवली हे तर बँकवाल्यांचे गाव! सकाळच्या जलद लोकलमधले कितीतरी ओळखीचे चेहरे एकाएकी भाजीच्या पिशव्या घेऊन दहा वाजता बाजारात दिसू लागले. त्यांच्याजवळ निदान पैसे होते. कारखान्यांतल्या माणसांजवळ तेही नव्हते. १ ऑगस्ट १९६२ रोजी राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाण्याची वागळे इस्टेट उभी राहिली, डोंबिवलीची वसाहत आली. खेड्यापाड्यांतून, वसईतून, गोव्यातून, मंगळूरहून, संगमनेर-राहात्याच्या बाजूने आपले लोक कामासाठी इकडे आले आणि त्यांच्यामुळे इथली देवळे भरली. त्याच वसाहतींत पुढे एकामागून एक फाटके बंद झाली. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पूर्ण वेतन अठ्ठावन्नाव्या वर्षी, पण पन्नाशी झालेल्याला कपात सोसून आधी घेता येते. ज्यांची नोकरी पंचेचाळिशीत गेली ते पन्नाशीची वाट पाहत बसले. आपण लवकर म्हातारे व्हावे अशी इच्छा करणारी माणसे आम्ही कबुलीघराबाहेरच्या बाकावर पाहिली आहेत.

आणि वय तरी खरे कोणाला ठाऊक होते? महाराष्ट्रात १ जून हा जन्मदिवस असलेली माणसे किती, हे कोणत्याही कचेरीत विचारावे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आई मुलाला घेऊन यायची, “पावसात झाला, ज्या साली मोठा पूर आला” एवढे सांगायची आणि गुरुजी अंदाजाने वर्ष व १ जून ही तारीख मांडून मोकळे व्हायचे. त्या एका फटकाऱ्यावर पुढे निवृत्तीचा दिवस ठरला. आपल्या कॅथलिक लोकांचे थोडे वेगळे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धर्मगुरूंना नोंदवह्या ठेवण्यास सांगितले तेव्हापासून बाप्तिस्म्याची वही देवळात असते. त्या नोंदी संस्कारासाठी, आईबाप व धर्ममातापिता कोण हे लक्षात राहावे यासाठी होत्या. वय मोजण्याचा हेतू नव्हता. परंतु वही खोटे बोलत नाही. कल्याणच्या रेल्वे कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ निवृत्तीच्या वर्षी आमच्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला मागण्यास आले. वहीप्रमाणे ते शाळेच्या दाखल्यापेक्षा चौदा महिन्यांनी लहान निघाले. त्यांचा चेहरा उजळला. पण केंद्र सरकारच्या नियमानुसार जन्मतारखेतली दुरुस्ती नोकरीस लागल्यापासून पाच वर्षांच्या आत मागावी लागते. त्यांना लागून पस्तीस वर्षे झाली होती. १ जूनचा गुरुजी जिंकला, ट्रेंटची धर्मपरिषद हरली.

ख्रिस्तसभेने स्वतःच्या सेवकांनाही अशी पत्रे पाठविली आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने वृद्ध बिशपांना पद सोडण्याची विनंती केली आणि १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यासाठी पंचाहत्तर हे वय नेमले. धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूलाही त्याच वयात राजीनामा सादर करण्यास १९८३ चा धर्मसंहितेचा नियम सांगतो. स्वीकारायचा की नाही हे बिशप ठरवितात. खरी खळबळ उडाली ती २१ नोव्हेंबर १९७० च्या आदेशाने. ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्या कार्डिनलांना पोपच्या निवडणुकीत मत देता येणार नाही, असे त्यात जाहीर झाले. कार्डिनल ओत्ताव्हियानी यांना ऐंशी पूर्ण होऊन तीन आठवडे झाले होते. श्रद्धेच्या रक्षणाचे खाते ज्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले, ज्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, त्या करारी माणसाने आपली नाराजी लपविली नाही. शहाऐंशी वर्षांचे कार्डिनल तिसरां यांनीही जाहीरपणे विरोध बोलून दाखविला. दोघेही आज्ञापालनात मुरलेले. तरी पत्र आले तेव्हा दोघेही दुखावले. हे वाचून आम्हांला, खरे सांगायचे तर, बरे वाटले.

ओत्ताव्हियानी १९७९ मध्ये वारले. १९७८ मध्ये दोन पोप निवडले गेले, त्या दोन्ही वेळी त्यांना दाराबाहेर राहावे लागले. सहावे पॉल स्वतः १९७७ मध्ये ऐंशी वर्षांचे झाले व मृत्यूपर्यंत पोप राहिले. नियम पोपला लागू नव्हता. आपल्या मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांना २४ डिसेंबर २०२४ रोजी ऐंशी पूर्ण झाली, त्यामुळे मे २०२५ च्या निवडणुकीत त्यांना मत नव्हते. या वेळी कोणी नाराजीचा शब्द काढल्याचे आमच्या कानी आले नाही. पन्नास वर्षांत माणसे नियमाला सरावतात.

उपवासाचा नियम तर प्रत्येक घरात शिरलेला आहे, आणि तरी तो फार थोड्यांना माहीत आहे. साठावे वर्ष सुरू होताच, म्हणजे एकोणसाठ पूर्ण झाले की, राखेच्या बुधवारचा व शुभ शुक्रवारचा उपवास बंधनकारक राहत नाही. १९१७ च्या संहितेतही वरची मर्यादा तीच होती. मांस वर्ज्य करण्याचा नियम मात्र मरेपर्यंत असतो. येत्या वर्षी आम्हांला ही सूट लागू होईल. आमच्या स्वयंपाकघरातल्या बाईंना हे आम्ही अद्याप सांगितलेले नाही.

ठाण्याचा इतिहास चाळताना या विषयाशी जुळणारे एक नाव समोर आले. १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाण्यात चार फ्रान्सिस्कन रक्तसाक्षी झाले. त्यांतले ज्येष्ठ थॉमस हे इटलीतील तोलेंतिनो गावचे. जन्म १२५५ च्या सुमाराचा. म्हणजे मरणसमयी त्यांनी साठी ओलांडली होती. तरुणपणी गरिबीच्या व्रताच्या वादात तुरुंगवास भोगलेला, आर्मेनियात धर्मकार्य केलेले असे हे गृहस्थ त्या वयात चीनला जाण्यासाठी निघाले होते. कोल्लमला जायचे असता त्यांचे जहाज ठाण्याला लागले. पुढे ओदोरिक नावाच्या प्रवाशाने त्यांच्या अस्थी चीनला नेल्या, तेव्हा थॉमस यांचा प्रवास पुरा झाला. त्यांच्या भक्तीला ख्रिस्तसभेची मान्यता १८९४ मध्ये मिळाली. देणारे तेच तेरावे लिओ, वय चौऱ्याऐंशी. फादर स्टीफन्स यांचे उदाहरण तर आपल्या मराठी कॅथलिकांना तोंडपाठ आहे. १५४९ च्या सुमारास जन्मलेल्या या इंग्रज धर्मगुरूंचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला १६१६ मध्ये छापले गेले, तेव्हा ते सदुसष्टीच्या आसपास होते.

अशी उदाहरणे प्रवचनात चांगली शोभतात. आम्हीही ती दिली आहेत. परंतु आमच्या लोकलमध्ये चढणाऱ्या साठीच्या माणसाला ख्रिस्तपुराण लिहायचे नसते. त्याला कल्याणपर्यंत बसायला जागा हवी असते आणि ती मागताना लाजही वाटते. थोरांच्या गोष्टी सांगून त्या लाजेचे काय करायचे, हे आम्हांला कळलेले नाही.

आता एक कबुली द्यायची आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबा व वृद्ध यांचा दिवस सुरू केला. संत योआकिम व संत अ‍ॅना यांच्या सणाच्या जवळचा हा रविवार. दोन-तीन वर्षांपूर्वी आम्ही तो थाटात करायचे ठरविले. साठी पूर्ण झालेल्या प्रत्येकाला निमंत्रण, पुढचे बाक राखीव, मिस्सानंतर शाल व गुलाबाचे फूल. यादी कोठून करायची? अर्थात बाप्तिस्म्याच्या वहीतून. आम्ही स्वतः बसून ती केली, पाकिटांवर नावे घातली, नावामागे ‘आदरणीय’ लिहिले आणि ती युवकांकरवी घरोघर पाठविली.

तिसऱ्या दिवशी एक बाई पाकीट घेऊन कचेरीत आल्या. त्यांचे पोळी-भाजीचे काम आहे. पहाटे चारला उठून चाळीस-पंचेचाळीस डबे करतात. नवरा अंथरुणावर, मुलाच्या नोकरीचा भरवसा नाही. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवले आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, “फादर, तुमचा पोरगा हे गिऱ्हाइकांच्या समोर देऊन गेला. ‘आजींचं पत्र’ म्हणाला. उद्या कोणी म्हटलं, म्हातारीला आता झेपत नसेल, दुसरीकडे लावू डबा, तर मी काय करू?”

“तसं कोणी म्हणणार नाही, बाई. मान म्हणून पाठवलं.”

“मान तुम्ही द्याल हो. डब्याचे पैसे ते देतात.”

आम्हांला लेवीय ग्रंथातला याजक आठवला. सरकारच्या श्रावणबाळ योजनेसाठी या बाईंना अजून पाच वर्षे थांबायचे होते; तिथे वय पासष्ट लागते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने गरीब वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले तेव्हाही अट पासष्टचीच होती, रक्कम महिना पंचाहत्तर रुपये. ज्या रेल्वेने अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रीला तिकिटात सूट दिली होती, तिने मार्च २०२० मध्ये ती सूटच थांबविली. म्हणजे वृद्धत्वाचा कोणताही लाभ त्यांच्या पदरी नव्हता, आणि वृद्ध हे नाव मात्र आम्ही घरपोच दिले होते. आम्ही क्षमा मागितली. त्यांनी ती दिली की नाही हे त्यांनी सांगितले नाही. संध्याकाळचे पीठ मळायचे होते.

तो रविवार पार पडला. मिस्सानंतर सगळे फुले घेऊन पांगले तेव्हा मागच्या बाकावर एक आजोबा बसून होते. वय ऐंशीच्या पुढे. नगर जिल्ह्यातून चाळीस वर्षांपूर्वी इकडे आलेले. पत्नी वारली, मुले दूर. त्यांनी काठी सावरली आणि विचारले, “फादर, माझं पत्र कुठं चुकलं का?”

चूक आमची होती. त्यांचा बाप्तिस्मा संगमनेरकडच्या एका मिशन केंद्रात झाला होता, आमच्या वहीत त्यांचे नाव असणार कोठून? आमच्या धर्मग्रामातील निम्म्याहून अधिक वृद्ध बाहेरगावी जन्मलेले आहेत, ही गोष्ट यादी करताना आमच्या ध्यानातच आली नव्हती. त्यांनी चार दिवस पाकिटाची वाट पाहिली होती. शेजारच्या घरी आलेले त्यांनी पाहिले होते. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्यांच्या खोलीवर जाऊन शाल दिली, आणि पत्रही लिहून दिले, तारीख मागची घालून. धर्मगुरूने मागची तारीख घालावी का, हा प्रश्न वाचकांनी आम्हांला विचारू नये.

हे सारे प्रार्थनाग्रंथातला तो अर्ज पाहताना पुन्हा आठवत राहिले. ऑक्टोबरात आम्ही तो भरावयास घेतला. नाव, पत्ता, रक्तगट झाले. ‘निवृत्तीचा दिनांक’ हा रकाना कोरा ठेवला. खाली सूचक व अनुमोदक यांच्या सह्या हव्या होत्या, दोघेही संघाचे सभासद असले पाहिजेत अशी अट. चौकशी करता समजले की ते संगमनेरचे आजोबा त्या संघात दहा वर्षे आहेत. त्यांनी मोठ्या आनंदाने, थरथरत्या हाताने सही केली आणि बुधवारच्या व्याख्यानाला चहाबरोबर काय मिळते तेही सांगितले. अनुमोदक मिळायचा आहे. गेल्या रविवारी पोळी-भाजीवाल्या बाई देवळाच्या दारात भेटल्या, तेव्हा आम्ही गमतीने विचारले.

“मी नाही हो सभासद,” त्या म्हणाल्या. “आणि फादर, फॉर्म भरलात हे बाहेर सांगत बसू नका. लोक मिस्साला दुसरीकडे जातील.”